कामानं आलेल्या माणसाची दुपार

हॉटेलची खोली बाराला सोडायची, बैठक दीडला संपलेली आणि परतीची गाडी रात्री पावणेनऊला. नागपुरात कामासाठी येणाऱ्यांच्या वाट्याला अशी दुपार हमखास येते. बहुतेक जण ती हॉटेलच्या लॉबीत, स्टेशनच्या प्रतीक्षालयात नाहीतर एखाद्या मॉलमध्ये मोबाईल चार्जिंगला लावून काढतात आणि घरी जाऊन सांगतात, नागपुरात बघण्यासारखं काही नाही. हे खरं नाही. बघण्यासारखं भरपूर आहे आणि त्यातलं पुष्कळसं स्टेशनपासून चार-पाच किलोमीटरांच्या आत आहे. घोडं अडतं ते बॅग, ऊन, बसायला जागा आणि स्वच्छतागृह या चार गोष्टींपाशी. या चार गोष्टी पुरवणं हे शहराचं काम आहे, पाहुण्याच्या हुशारीवर ते सोडून देता येणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

नागपूर हे कामासाठी येण्याचंच गाव आहे. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी, १९५३ च्या नागपूर करारानंतर विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचं ठिकाण, मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि मुंबई-हावडा व दिल्ली-चेन्नई हे दोन लोहमार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते स्टेशन. इथे येणारा माणूस फक्त लॅपटॉपवाला नसतो. सिरोंच्याहून तारखेसाठी आलेला पक्षकार, ज्याची तारीख साडेअकरालाच पुढे ढकलली गेली. गोंदियाहून परीक्षेला आलेली मुलगी, जिचा पेपर एकला सुटला. ‘मेडिकल’ नाहीतर ‘मेयो’ या दवाखान्यांत दाखल असलेल्या माणसाचा भाऊ, ज्याला भेटीची वेळ होईपर्यंत आत सोडत नाहीत. या सगळ्यांची दुपार तीच, गरजाही त्याच. विमानानं आलेला माणूस निदान पैसे मोजून कॉफीच्या दुकानात दोन तास बसू शकतो. पक्षकाराला तेही परवडत नाही.

आपल्याकडे याचा एक जुना, साधा उपाय होता: पाणपोई. चौकात मांडव, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, वगराळं घेऊन बसलेली एक बाई. पिणाऱ्याला नाव, गाव विचारायचं नाही आणि पैसेही मागायचे नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यात अशा पाणपोया आजही लागतात. वाटसरू अनोळखी असतो आणि म्हणूनच त्याची सोय समाजानं करायची, ही समज त्यामागे आहे. आजच्या वाटसरूला पाण्याखेरीज आणखी दोन-तीन गोष्टी लागतात, इतकाच काय तो फरक.

पहिली गोष्ट बॅग. खांद्यावर आठ-दहा किलो घेऊन कोणी संग्रहालय बघत नाही. हॉटेलात राहिला असाल तर खोली सोडल्यावरही बॅग काउंटरमागे ठेवू देतात, मात्र चिठ्ठी मागून घ्यावी आणि लॅपटॉप त्यात ठेवू नये. खोली घेतानाच एक प्रश्न विचारावा: चेक-आउट बाराचं की चोवीस तासांचं? स्टेशनजवळच्या बऱ्याच लॉजांत चोवीस तासांची पद्धत असते. सकाळी दहाला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी दहालाच सोडावी लागते. तीच दुपारी चारला घेतली असेल तर दुसऱ्या दिवशीची निम्मी दुपार सुटते. मुक्काम नसेल तर रेल्वेचं क्लोकरूम. तिथे प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र लागतं आणि बॅगेला कुलूप असल्याशिवाय ती घेत नाहीत. पाठीवरच्या सॅकवाल्यांची इथेच अडचण होते, कारण चेनच्या दोन ओढण्या एकत्र अडकवायला लहान कुलूप जवळ नसतं. ते घरूनच आणावं. डबा, फळं, नासणारं काहीही बॅगेत राहू देऊ नये. पावती पाकिटात ठेवण्याआधी तिचा फोटो काढून ठेवावा, पावती हरवली की बॅग सोडवताना फार त्रास होतो. कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल तर स्टेशनवरच्या विश्रामगृहात काही तासांसाठी खोली मिळते का, तेही आधी ऑनलाइन बघावं. उन्हाळ्यात त्याचे पैसे वसूल होतात.

आता अडचण पाहा. क्लोकरूम रेल्वेच्या प्रवाशासाठी. एसटीनं गणेशपेठला उतरून एसटीनंच परत जाणाऱ्याकडे रेल्वेचं तिकीट कुठून येणार? विमानानं जाणाऱ्याचंही तेच. म्हणून सामानघर सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकात हवं. दोन्ही मार्गिका तिथे भेटतात. सामान तपासायचं यंत्र आणि माणसं मेट्रोच्या दारात असतातच, त्यामुळे सुरक्षेचा मुद्दा निम्मा तिथेच सुटतो. प्रत्येक स्थानकात नको, एका बर्डीत पुरे. तासाच्या दरानं, कुठलंही ओळखपत्र चालेल असं.

मग वेळेचा हिशेब. लोक इथे फसतात. दोन ते पावणेनऊ म्हणजे पावणेसात तास हातात आहेत असं वाटतं. त्यातून बॅग ठेवायला अर्धा तास, जेवायला पाऊण, गाडीच्या आधी बॅग सोडवून फलाटावर पोचायला एक तास आणि ऑटो-मेट्रोच्या ये-जा करण्यात दीड तास वजा करा. उरतात तीन तास. या तीन तासांत दोन ठिकाणं नीट होतात, तिसरं होत नाही. रामटेक पन्नास किलोमीटरवर आहे, सेवाग्राम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. ‘जवळच आहे, जाऊन या’ असं कोणी कितीही आग्रहानं सांगितलं तरी रिकाम्या दुपारी तिकडे निघू नये. परतताना शहराच्या तोंडाशीच वाहतूक अडते आणि सगळा वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मी म्हणेन, पायी फिरा. स्टेशनच्या पश्चिमेच्या दारानं बाहेर पडलं की टेकडी गणपती पाच-दहा मिनिटांवर आहे. मेट्रोनं जायचं असेल तर मेट्रोकडे नेणारं दार फलाटावरच विचारून घ्यावं, कारण चुकीच्या बाजूला उतरलात तर रुळांना वळसा घालून यावं लागतं. रेल्वे स्थानक, कॉटन मार्केट, मग सीताबर्डी. तिथे गाडी बदलून उत्तरेकडचं पुढचंच स्थानक म्हणजे झीरो माइल.

झीरो माइलच्या खांबापाशी मात्र दहा मिनिटं नीट थांबावं. वालुकाश्माचा हा खांब आणि शेजारचे चार घोडे सगळ्यांच्या फोटोत असतात. ‘भारताचा मध्यबिंदू’ असं सांगून माणसं पुढे जातात. दगड मात्र वेगळं सांगतो. ही ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेची, म्हणजे ब्रिटिशांनी केलेल्या देशाच्या मोजणीची, १९०७ सालची खूण आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची तिच्यावर फुटांमध्ये, दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत कोरलेली आहे: १०२०.१७१. अशा पक्क्या खुणेवरून पुढच्या मोजणीत बाकीच्या जागांची उंची काढतात. गावांची नावं आणि मैलांतली अंतरंही तिथे आहेत. एका फुटाचा हजारावा भाग दगडात कोरून ठेवणाऱ्या मोजणीदारांचं काम समजावून सांगणारी, मराठीत लिहिलेली, डोळ्यांच्या उंचीवरची एक चांगली पाटी इथे असलीच पाहिजे. मध्यबिंदूच्या गोष्टीपेक्षा ही खरी गोष्ट कितीतरी मोठी आहे.

तिथून चालत जाता येण्याजोगं आहे मध्यवर्ती संग्रहालय. नागपूरकरांना विचारताना ‘अजब बंगला’ म्हणावं, लगेच रस्ता सांगतात. १८६३ मध्ये स्थापन झालेलं हे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. शिल्पं, शस्त्रं, कोरीव लेख, गोंड आणि इतर आदिवासींच्या जगण्यातल्या वस्तू, पेंढा भरलेले प्राणी. सगळी दालनं बघायला जाऊ नये. दोन निवडावीत आणि त्यातलं एक आदिवासी जीवनाचं असावं, कारण हे शहर १७०२ मध्ये वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं. शहरभर भोसल्यांच्या खुणा दिसतात, गोंडांच्या शोधाव्या लागतात.

सोमवारी मात्र ही सगळी आखणी कोसळते. अजब बंगला सोमवारी बंद, महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालयही सोमवारी बंद. सुट्टी कर्मचाऱ्यांना मिळालीच पाहिजे, पण सगळ्यांना एकाच वारी कशाला? बैठका, तारखा, मुलाखती सोमवारी भरपूर असतात. एकानं सोमवार घ्यावा, दुसऱ्यानं बुधवार. याला पैसा लागत नाही, दोन खात्यांनी एकमेकांना पत्र लिहिलं की काम होतं. तोवर सोमवारी आलेल्यानं गांधीसागर तलावाजवळचं रामन विज्ञान केंद्र धरावं. सी. व्ही. रामन स्वतः १९१० मध्ये अर्थखात्याच्या नोकरीत बदली होऊन नागपुरात आले होते आणि वर्षभराच्या आत कोलकात्याला परतले. कामानं आलेल्या माणसाचं नाव या केंद्राला आहे, हे मला फार आवडतं.

एकट्या माणसाला शांत बसायचं असेल तर दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, तिथे आज भव्य स्तूप उभा आहे. त्याचं लोकार्पण २००१ मध्ये झालं. आतून स्तूप पोकळ आहे. चप्पल बाहेर काढून आत गेलं की घुमटाखाली कुजबुजही घुमते, म्हणून लोक आपोआप गप्प होतात. इथे कोणी ‘एकटेच आलात?’ असं विचारत नाही. मेट्रोचं स्थानक दारात नाही. बर्डीहून ऑटो करावा आणि बसण्याआधी भाडं ठरवून घ्यावं, नाहीतर मोबाईलवरून मागवावा. दसऱ्याच्या आगेमागे इथे देशभरातून अनुयायी येतात. त्या दिवसांत मुक्काम असेल तर खोली आणि तिकीट फार आधी काढून ठेवावं.

रेल्वेची आवड असलेल्यांसाठी कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, मेट्रोचं कडबी चौक स्थानक त्याच भागात. दोन रुळांमधलं अंतर इथे जेमतेम अडीच फूट. ब्रॉडगेजचं साडेपाच. सातपुड्याच्या आणि झाडीपट्टीच्या गावांना या रुळांनी नागपूरशी जोडून ठेवलं होतं. नागभीडची छोटी गाडी २०१९ पर्यंत धावत होती.

आणि ज्याला वस्तूंपेक्षा हात चालताना बघायचे आहेत त्यानं ‘चितार ओळी’ला उतरावं. महाल या जुन्या वस्तीतली ही मूर्तिकारांची ओळ. गणपती आणि दुर्गेच्या आधीच्या महिन्या-दोन महिन्यांत इथे लाकडी चौकटीवर तणसाचे पेंढे सुतळीनं आवळून बांधलेले दिसतात, मग त्यावर चिखलाचा जाड थर, तो वाळला की बारीक मातीचा पातळ हात. घाई केली तर वरचा थर आतल्या ओलीमुळे तडकतो, म्हणून दोन थरांमध्ये दिवस जाऊ द्यावे लागतात. बोटं आणि चेहरे वेगळे करून जोडतात. लांबून बघावं, फोटो विचारून काढावा, ओल्या मूर्तीला हात लावू नये. या गल्लीत बसायला एक बाक नाही म्हणून माणूस दहा मिनिटांत निघतो. बाक असता तर तास थांबला असता आणि शेजारी चहाही प्याला असता.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो, कधी वरही. बारा ते साडेचार रस्त्यावर निघू नये, हे इथल्या प्रत्येक घरात मुलांना सांगतात आणि बाहेरगावच्या माणसाला सांगायला कोणी नसतं. त्या वेळात छताखालचं एकच ठिकाण धरावं. डोकं-कान दुपट्ट्यानं बांधून घ्यावेत, पाणी तहान लागायची वाट न बघता प्यावं, कूलरसमोरून उठून थेट उन्हात जाऊ नये. फिरायचं ते पाचनंतर. मे महिन्यात सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठाला दीड तास मिळतो. डिसेंबरात उलट: साडेपाच-पावणेसहालाच अंधारतं, म्हणून संग्रहालयात रेंगाळून तलाव मागाहून असं करू गेलात तर तलाव हातचा जातो.

सावलीचं मी वेगळं सांगतो. सिव्हिल लाइन्समधले जुने वृक्ष हे या शहराचं वैभव आहे. पण झीरो माइलपासून अजब बंगल्यापर्यंतचा साधा पंधरा मिनिटांचा रस्ता मे महिन्यात चालवत नाही, कारण सावली सलग नाही आणि फुटपाथही सलग नाही. शंभर पावलं झाडाखालून, मग दोनशे पावलं तापलेल्या डांबरावरून, मग गाड्या लावलेल्या फुटपाथाला वळसा. झाडं मोठी व्हायला पंधरा वर्षं लागतात हे मान्य. मधल्या काळात हिरव्या जाळीचं छत टाकता येतं. भर उन्हात सिग्नलला थांबणाऱ्या दुचाकीस्वारांवर अशी जाळी आपण धरतोच. पायी चालणाऱ्यानं काय घोडं मारलंय?

खाण्याबद्दल दोन शब्द, कारण इथे सल्ले चुकीचे मिळतात. तर्री पोहे सकाळचे. दुपारी तीनला मिळाले तरी पोहे कोरडे पडलेले असतात आणि हरभऱ्याचा रस्सा आटलेला. सावजी जेवायचं तर अडीचच्या आत जावं, दुपारी अनेक भोजनालयं बंद होतात. ‘तिखट कमी करा’ सांगून उपयोग नसतो, वाटण आधीच रश्शात शिजलेलं असतं. पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी घ्यावी आणि वरची तेलाची तर्री चमच्यानं बाजूला करावी. सवय नसेल आणि रात्रभराचा प्रवास असेल तर खाऊ नये, हे मी सावजीचा अभिमान बाळगूनच सांगतो. एकट्यानं जेवणाऱ्याला कोपऱ्यातलं, हात धुण्याच्या जागेजवळचं टेबल देण्याची सवय मात्र हॉटेलवाल्यांनी सोडावी.

एकट्या बाईचा मुद्दा इथेच येतो. पुरुष तलावाच्या कठड्यावर एकटा बसला तर ती विश्रांती. बाई बसली की दहा मिनिटांत दोन जण चौकशीला येतात. तिच्यासाठी दुपारचं शहर आणखी लहान होतं, बहुधा मॉलएवढं. स्वच्छतागृहाची खात्री नाही म्हणून ती पाणी पीत नाही, आणि नागपूरच्या उन्हात पाणी न पिणं म्हणजे थेट दवाखाना. यावरचा उपाय तक्रार क्रमांकांच्या फलकांत नाही. माणसांची ये-जा असलेल्या, दिवे असलेल्या, बाक असलेल्या जागा वाढवण्यात आहे. वाचनालयं हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो. बर्डीच्या परिसरात जुनी वाचनालयं आणि साहित्यसंस्था आहेत. ओळखपत्र ठेवून दिवसभराचा वाचनपास दिला, दहा-वीस रुपयांत, तर सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि बसण्याचं कारण हे चारही एका छताखाली मिळतं. वर्तमानपत्र वाचत बसलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही.

यावर आक्षेप येतो की नागपूर पर्यटनाचं शहर नाही, पाहुण्यांसाठी नागरिकांचा कर का खर्च करायचा? बाक, सावली आणि स्वच्छतागृह वापरताना कोणाचं आधारकार्ड बघतात का? ती पाहुण्यापेक्षा रोज बर्डीत येणाऱ्या नागपूरकरालाच जास्त उपयोगी पडतील. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: बाक ठेवले की त्यावर फेरीवाले आणि झोपणारे येतात, स्वच्छतागृह बांधलं की सहा महिन्यांत कुलूप लागतं. हे होतं, आणि होतं ते देखभालीचं कंत्राट बांधकामापासून तोडल्यामुळे. बांधणाऱ्याला पैसे मिळून जातात, पाणी भरणाऱ्याचं आणि झाडणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. मुलाखती-परीक्षा घेणाऱ्या संस्था आणि कर्मचाऱ्यांना दौऱ्यावर पाठवणारी कार्यालयं यांचाही थोडा वाटा आहे. दुपारी दोनला मोकळ्या होणाऱ्या माणसाला रात्रीच्या गाडीचं तिकीट देताना अर्ध्या दिवसाची खोली मंजूर करायला फार मोठं मन लागत नाही.

जाता जाता संत्र्यांचं. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चला. एरवी संत्रा बर्फी घ्यावी. संत्रा मार्केट स्टेशनच्या पूर्वेला लागूनच आहे. फळ हातात घेऊन वजन बघावं. आकारानं मोठं पण हलकं आणि साल फुगून पोकळ झालेलं असेल तर आत फोडी कोरड्या निघतात. प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेऊ नयेत, रात्रभरात घाम सुटून बुरशी येते. भोकं असलेलं खोकं मागावं.

डिसेंबरात अधिवेशन असतं. त्याआधी महिनाभर आमदार निवास, रवी भवन रंगवलं जातं, सिव्हिल लाइन्सचे रस्ते गुळगुळीत होतात, दुभाजकांना नवा रंग लागतो. त्याच कामांत झीरो माइल ते अजब बंगला या रस्त्यावर दर शंभर पावलांना एक बाक, सलग फुटपाथ, एक पाण्याचा नळ, झाडणाऱ्याच्या पगारासकट एक स्वच्छतागृह आणि खांबापाशी ती एक मराठी पाटी घालावी. आणि अधिवेशन संपल्यावर ती काढून नेऊ नयेत.